अंडर प्रोटेस्ट त्याग

भूमिपूजनाच्या मंचावर एक वाक्य ठरलेलं असतं. मंत्री बदलतात, पक्ष बदलतात, टोपीच्या जागी फेटा येतो. वाक्य तेच राहतं. शेतकऱ्यांच्या त्यागातून हा प्रकल्प उभा राहतो आहे, असं ते वाक्य. त्यावर टाळ्या पडतात. महसूल खात्यात, त्यातही भूसंपादन शाखेत नोकरी काढलेला माझ्यासारखा माणूस हे वाक्य मांडवाच्या मागे, चहाच्या टेबलाशी उभा राहून ऐकत आलेला असतो. समोर पहिल्या दोन रांगांत ‘त्यागी’ बसलेले असतात. त्यातल्या निम्म्यांच्या वाढीव मोबदल्याच्या केसेस कोर्टात चालू असतात, हे मंचावरच्यांना ठाऊक नसतं. आम्हाला असतं, कारण त्या फायली आमच्याच कपाटात.

पुढाऱ्यांचं गोड बोलणं म्हणून हे वाक्य सोडून द्यावं, असं पुष्कळांना वाटतं. मला तसं वाटत नाही. धर्माचा विचार करणाऱ्यानं तर ते मुळीच सोडू नये. दुसऱ्याच्या वतीनं त्याग करता येतो का, हा प्रश्न त्यात दडलेला आहे, आणि आपल्या परंपरेनं त्याचं उत्तर फार पूर्वी देऊन ठेवलं आहे.

हिंजवडीचंच घ्या. राजीव गांधी इन्फोटेक पार्क म्हणजे सरकारनं मनावर घेतलं की काय घडतं त्याचा नमुना. १९९१ नंतर केंद्रानं सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कची योजना आणली, राज्यानं १९९८ साली स्वतःचं आयटी धोरण काढलं, आणि १९६२ पासून कारखान्यांसाठी माळरानं सपाट करणाऱ्या एमआयडीसीनं मुळशी तालुक्यातल्या हिंजवडी, माण या गावांत रस्ते, पाणी, वीज नेली. इन्फोसिस, विप्रो, टीसीएस आल्या. भातखाचरांच्या जागी फेज एक, दोन, तीन असे पत्ते झाले. मूळ बेत निराळा होता. तिथं सहकारी साखर कारखान्याचा नारळ फुटायचा होता, तो बेत बदलून आपण आयटी पार्क आणलं, असं शरद पवारांनी जाहीर भाषणांतून सांगितलं आहे. निर्णय दूरदृष्टीचाच, याबद्दल माझं दुमत नाही. पण गंमत बघा. ऊस की संगणक हे मंचावर ठरतं. खाली जमीन तीच, आणि धारकानं करायचा तो ‘त्याग’ही तोच. कारखाना झाला असता तर त्यानं साखरेसाठी त्याग केला असता. त्याला विचारायला दोन्ही वेळा कुणाला सवड नव्हती.

आमच्याकडे कोथरूडात दर गुरुवारी गीतेचा वर्ग भरतो. सगळे निवृत्त: दोन प्राध्यापक, एक बँकवाले, एक डॉक्टरीणबाई आणि मी. अठराव्या अध्यायाच्या आरंभी अर्जुन शेवटचा प्रश्न विचारतो, तो संन्यास आणि त्याग यांच्याबद्दल. भगवंत त्यागाचे तीन प्रकार सांगतात. मोहानं नेमून दिलेलं कर्म टाकलं तर तो तामस. अंगाला त्रास होईल म्हणून टाकलं तर राजस. कर्म करायचं, पण त्याची आसक्ती आणि फळ सोडायचं, तो सात्त्विक. मी आयुष्यभर कारकून, त्यामुळे प्रत्येक गोष्टीला रकाना शोधायची सवय. नोटीस येऊन ज्याची जमीन गेली तो गट नंबरचा धारक यातल्या कुठल्या रकान्यात बसतो? मी वर्गात विचारलं. बराच वेळ चर्चा झाली, आणि कुठल्याच रकान्यात बसेना. कारण तिन्ही प्रकारांत सोडणारा स्वतः सोडतो. अगदी तामस त्यागसुद्धा ज्याचा त्यालाच करावा लागतो! मूर्खपणानं का होईना, हात त्याचा हवा.

प्राध्यापकांपैकी एक टिळकभक्त आहेत. त्यांनी लोकसंग्रह काढला. गीतारहस्य १९१५ साली प्रसिद्ध झालं तेव्हापासून महाराष्ट्रात सार्वजनिक कामाला तेवढा मोठा आधार दुसरा नाही. लोकांच्या कल्याणासाठी ज्ञानी माणसानंही कर्म सोडू नये, हा त्याचा गाभा. मी म्हटलं, सर, मान्य. पण ती आज्ञा कुणाला आहे? करणाऱ्याला. स्वतः जनकासारखं राज्य करत राहा, असं ती सांगते. लोकांचं भलं होणार असेल तर शेजाऱ्याचं शेत मोजून घ्या, असं तिच्यात कुठं आहे? सरकारनं जमीन घेऊच नये असं मी म्हणत नाही. राज्य चालवायचं तर घ्यावी लागते, रस्ता हवेतून जात नाही. पण तो राज्यकारभार आहे. पैसे देऊन केलेला, धारकाला नकार द्यायची सोय नसलेला व्यवहार. त्याला व्यवहारच म्हणावं. अध्यात्माची शाल पांघरली की घेणाऱ्याचं मन हलकं होतं आणि देणाऱ्याचं तोंड बंद होतं. त्यागी माणसानं कुरकुर करायची नसते ना!

कायदा याबाबतीत मंचापेक्षा प्रामाणिक आहे. १८९४ चा जुना भूसंपादन कायदा इंग्रजांचा, त्यावर आपण खूप बोटं मोडली. पण त्याच्या एकतिसाव्या कलमात एक सोय होती. मोबदला उचलताना ‘अंडर प्रोटेस्ट’ असं नोंदवायचं. तसं नोंदवलं तरच पुढे वाढीव मोबदल्यासाठी कोर्टाकडे जायचा रस्ता मोकळा. मुकाट्यानं पैसे उचलले की रस्ता बंद. त्यामुळे गावागावांत शहाणी माणसं हे दोन इंग्रजी शब्द पाठ करून यायची. शाळेच्या व्हरांड्यात टेबल, टेबलावर निवाड्याची प्रत, शाईचा पॅड, पावत्यांचा गठ्ठा आणि रांग. अंगठा उठवण्याआधी म्हातारी माणसं विचारायची, “भाऊसाहेब, आंडर पोटेस्ट लिवलं का?” मी ते पावतीवर लिहून, बोट ठेवून दाखवायचो. त्यांना वाचता यायचं नाही, तरी ती त्या अक्षरांकडे निरखून बघायची. अशा किती पावत्या माझ्या हातून गेल्या त्याचा हिशेब नाही. पावती सरकारचीच, आणि तीवर लिहिलेलं असायचं की हा माणूस खुशीनं देत नाही. त्याच सरकारचा मंत्री पुढे जाऊन सांगणार, यानं त्याग केला.

एमआयडीसीचं संपादन वेगळ्या कायद्यानं चालतं, १९६१ च्या. तिथं कलम ‘बत्तीस दोन’ची नोटीस येते, हरकती ऐकल्या जातात, सातबाऱ्यावर शिक्के पडतात. दर पुष्कळदा वाटाघाटीनं ठरतो आणि शेतकऱ्याकडून संमतीपत्र घेतात. या संमतीपत्राचा दाखला देऊन मला अनेकांनी गप्प करायचा प्रयत्न केला आहे. त्यांनी एकदा ते नीट वाचावं. संमती दराला असते, घेण्याला नसते. जमीन जाणार हे ठरलेलंच. किती रुपयांत, एवढंच बोलायचं. २०१३ च्या नव्या केंद्रीय कायद्यानं खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर ऐंशी टक्के आणि सरकारी-खासगी भागीदारीत सत्तर टक्के बाधितांची पूर्वसंमती हवी, अशी अट घातली. महाराष्ट्रानं २०१८ मध्ये दुरुस्ती करून एमआयडीसीचा कायदा त्यातून बाजूला ठेवला. त्याची कारणं प्रशासनाच्या दृष्टीनं मला समजतात. प्रत्येकाची होकाराची सही गोळा करत बसलं तर पार्क उभं राहणार नाही. ठीक. मग होकार नव्हता हे तरी मान्य करावं.

होकार म्हणजे काय, हे मला एका दगडानं शिकवलं. मुळशीतल्याच एका गावात संयुक्त मोजणी चालली होती. पंचनाम्यात सगळं धरायचं असतं: विहीर, पाइपलाइन, बांध, गोठा, झाडं. आंबे फळझाडांत गेले, सागाचं इमारती लाकूड झालं. बांधावर एक भलामोठा उंबर होता. उंबराला आमच्या तक्त्यात मान नाही, तो जळाऊ लाकडात जातो. त्याच्या बुडाशी शेंदूर फासलेला एक दगड, त्यावर तेलाचे ओघळ, पुढे फुटक्या नारळाच्या करवंट्या. शेताची मालकीण सत्तरीची आजी. मोबदल्याबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. तिनं एवढंच विचारलं, “याला कुटं न्यायचं?” साहेबांनी सांगितलं, आजी, गावठाणात चांगल्या जागी बसवा की. ती म्हणाली, “तुमी सांगून कसं? त्याला इचारावं लागंल.”

गावचा गुरव आला. दगड धुतला, नवा शेंदूर लावला, दोन बाजूंना दोन फुलं चिकटवली आणि सगळे समोर बसले. उजवं पडलं तर देव निघायला तयार, डावं पडलं तर नाही. तासभर काहीच पडलं नाही. मोजणीवाले बिड्या ओढून कंटाळले. मग वाऱ्यानं म्हणा, कशानं म्हणा, डावं फूल पडलं. गुरवानं हात जोडले आणि उद्या पुन्हा लावू म्हणाला. आणि साहेब थांबले! एरवी मोजणी एक दिवस पुढे गेली की आदळआपट करणारा माणूस, पण काही न बोलता जीपमध्ये जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी उजवा कौल मिळाला. आजीनं दगड पदरात घेतला, कुणाला हात लावू दिला नाही, आणि गावाकडे चालू लागली. पंचनाम्यात त्या दगडाची नोंद नाही. काय लिहिणार? मात्र त्या दोन दिवसांत सरकार एका दगडाच्या होकारासाठी थांबलं होतं आणि त्या दगडाच्या मालकिणीला होकार विचारायचा रकाना आमच्या कुठल्याच नमुन्यात नव्हता, हे मला तेव्हापासून खटकत आलं आहे.

(मालकीण म्हटलं खरं, पण देवाचंही कायद्यात कठीणच असतं. देवस्थान इनामाच्या जमिनीला सातबाऱ्यावर मालक म्हणून देवाचं नाव लागतं. पुजारी नुसता वहिवाटदार. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही मालकीच्या रकान्यात पुजाऱ्याचं नाव नको, देवाचं पुरे, असं सांगितलं. आणि हा मालक कायद्याच्या लेखी कायमचा अल्पवयीन. म्हणजे त्यालाही स्वतः त्याग करता येत नाहीच.)

२०२५ च्या जुलैत तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार हिंजवडीत भल्या पहाटे पाहणीला आले होते. पावसानं रस्त्यांचे ओढे झाले होते, कोंडीला लोक विटले होते. रुंदीकरणाच्या बोलण्यात देवळांचा विषय निघाला, तेव्हा त्यांनी सरपंचांना विचारलं की धरणं करताना देवळं जात नाहीत का. तो व्हिडिओ घरोघर फिरला. प्रश्न रोकठोक होता, आणि खरं सांगायचं तर रास्तही. देवळं जातात. हिंजवडी-वाकडच्या म्हातोबाचं बगाड चैत्री पौर्णिमेला दोन गावांच्या मधल्या रस्त्यानं निघतं, गळकऱ्याच्या पाठीत गळ टोचलेले असतात, चांगभलंचा गजर होतो आणि कंपन्यांच्या बसगाड्या वळवलेल्या रस्त्यानं जातात. उद्या तो रस्ता आणखी बदलला तर म्हातोबाचं गाव त्यातूनही वाट काढील. गावांना देव हलवता येतो. फक्त त्याची रीत आहे, आणि ती रीत विचारण्यापासून सुरू होते.

धरणाचं नाव निघालंच आहे, आणि तालुकाही तोच आहे. १९२१ च्या रामनवमीला मुळशीचे मावळे टाटांच्या धरणाच्या कामावर जाऊन बसले. पुढे पांडुरंग महादेव बापट त्यांचे सेनापती झाले. वीज मुंबईला हवी होती, पाण्याखाली मावळातली गावं जाणार होती. तेव्हाही राष्ट्राची प्रगती हाच मुद्दा होता, आणि गंमत म्हणजे तो मांडणाऱ्यांत देशभक्तही होते. लढा १९२४ पर्यंत रेटला गेला आणि मोडला. मोडण्यामागे एक कारण असं होतं की पुष्कळ जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गहाण पडलेल्या होत्या, आणि सावकारांना मोबदला मिळाला की धरणाशी भांडण उरत नव्हतं. कसणारा वेगळा, कागदावर हक्क असलेला वेगळा. आजही तेच आहे. मोबदला सातबाऱ्यावरच्या नावाला मिळतो. बांधावर पिढ्यान्‌पिढ्या झोपडी असलेल्या कातकऱ्याचं, लावणीला येणाऱ्या बाईचं नाव तिथं नसतं. पार्क येणार ही कुणकुण आधी लागलेल्यांनी घेतलेल्या जमिनींना मात्र चोख नाव असतं. मंचावरून ‘त्याग’ म्हटल्यावर टाळ्यांचा वाटा या सगळ्यांना सारखाच जातो.

त्याग म्हणतात तो कसा असतो, हेही आपण पाहिलं आहे. १८ एप्रिल १९५१ ला तेलंगणातल्या पोचमपल्लीत विनोबांसमोर रामचंद्र रेड्डी उभे राहिले आणि आपण होऊन शंभर एकर देतो म्हणाले. पुढे विनोबा गावोगाव, मला घरातला सहावा मुलगा समजा आणि त्याचा वाटा द्या, असं मागत हिंडले. भूदानात मिळालेली पुष्कळ जमीन खडकाळ निघाली, काही वादातली निघाली. द्यायचं म्हणून दिलेली. तरीही समोरच्याला ‘नाही’ म्हणायची मोकळीक होती, आणि कित्येक जण तसं म्हणालेही. त्या मोकळिकीमुळे जे दिलं गेलं त्याला दान म्हणता येतं. त्यात राजसही होतं, सात्त्विकही होतं. गीतेच्या रकान्यांत ते बसतं तरी.

हे सगळं मी एकदा घरी बोलत असताना पुतण्या वैतागला. तो फेज दोनमध्ये असतो. लातूरकडच्या कोरडवाहू घरातला जावई त्याच्याच टीममध्ये आहे. त्या पगारावर गावाकडचं अख्खं कुटुंब कर्जातून वर आलं. “काका, मग काय नोकरी सोडू? त्या जमिनीवर बसतो म्हणून पापी का मी?” त्याचा राग खरा होता, आणि असली अपराधी भावना कुणाच्या माथी मारायची मला हौस नाही. पार्कनं लाखो घरांचं भलं केलं आहे, आणि मोबदल्यातून, भाड्यातून इथल्या गावकऱ्यांपैकी अनेकांचंही. मी त्याला म्हटलं, पाप नाही रे, ऋण.

वेदांनी माणसाला जन्मतःच ऋणी ठरवलं आहे. तैत्तिरीय संहिता तीन ऋणं सांगते: ऋषींचं, देवांचं, पितरांचं. शतपथ ब्राह्मणानं चौथं जोडलं, मनुष्यांचं. लोकांना आसरा आणि अन्न देऊन ते फेडायचं. ऋण असणं हा दोष नाही, ते सगळ्यांनाच असतं. घेतलेलं परत न करता उपभोगणाऱ्याला मात्र गीतेचा तिसरा अध्याय सरळ चोर म्हणतो. हिंजवडीत गंमत अशी की आसरा आणि अन्न देतात ते जमीन गेलेले. पुतण्याचे निम्मे सहकारी त्यांच्याच इमारतींत पीजीमध्ये राहतात, त्यांच्याच खानावळीत जेवतात. भाडं सणसणीत घेतात, हा भाग वेगळा! पण चौथ्या ऋणाचा हिशेब असा उलटा वाहताना शतपथकारांनीही पाहिला नसेल.

फरक इथंच पडतो. त्याग म्हटलं की खातं बंद. त्यागी माणूस परत मागत नाही, मागितलं तर त्याचा त्याग बाटतो. ऋण म्हटलं की खातं चालू राहतं. मग संपादित जमिनीच्या बदल्यात पंधरा टक्के विकसित जमिनीचा परतावा कधी मिळणार, असं विचारणारा शेतकरी लोभी ठरत नाही, धनको ठरतो. गावच्या ओढ्यात कुणाचं सांडपाणी जातं, पार्कच्या दाराशी टँकर का लागतात, तेविसेक किलोमीटरच्या माण-शिवाजीनगर मेट्रोचा मोठा डेपो माणमध्ये होतो तर माणच्या पोरांना त्यात काम काय, हे प्रश्न मेहेरबानीचे राहत नाहीत, देण्याचे होतात.

आणि कागदही ऋणाच्याच बाजूनं बोलतो. एमआयडीसी कंपनीला भूखंड विकत नाही, साधारण ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं देते. शेतकऱ्याची जमीन कायमची गेली आणि जिच्यासाठी गेली ती कंपनीही मालक नाही. मुदत संपली की भूखंड महामंडळाकडे. आजीच्या पणतूच्या हयातीत कधीतरी त्या पट्ट्यांच्या मुदती संपतील, नूतनीकरणाचे प्रस्ताव जातील. त्या फायलीत मूळ धारकाचं नाव कुठंतरी असावं, असं मला वाटतं. तशी तरतूद मी पाहिलेल्या एकाही नमुन्यात नव्हती.

म्हणून कंपन्यांच्या प्रशासन विभागांना आणि पुढच्या टप्प्यांची भूमिपूजनं आखणाऱ्या साहेबांना माझी विनंती आहे. भाषणातून त्याग काढा. कोनशिलेवर मान्यवरांची नावं कोरता, त्यांच्याखाली त्या भूखंडात गेलेले गट नंबर, क्षेत्र आणि संपादनाच्या दिवशीच्या धारकांची नावं कोरा. अंडर प्रोटेस्ट पैसे घेतले असतील तर तेही लिहा. नावं शोधायला फार कष्ट पडणार नाहीत. निवाड्याची प्रत आणि संयुक्त मोजणीचा नकाशा सरकारी दप्तरात असतो. अर्ज केला आणि नक्कल फी भरली की मिळतो.